विषयाच्या ओळीतला शब्द

बावीस वर्षं मायाताई तावडे एका कंपनीच्या खरेदी खात्यात इंग्रजीतून पत्रं लिहीत होत्या, आणि आपल्याला इंग्रजी येत नाही हे त्यांना बावीस वर्षांनी कळलं.

कळलं तेही एका शनिवारी, घोडबंदर रोडच्या नव्या ऑफिसात. वागळे इस्टेटमधलं जुनं, पत्र्याचं ऑफिस सोडून कंपनी या काचेच्या इमारतीत आली, आणि पाठोपाठ नव्या रीतीही आल्या. व्हॉट्सॲपवरून कुठल्याही सप्लायरशी बोलायचं नाही, सगळं मेलवर. आणि मेल नीट लिहिता यावेत म्हणून जून महिन्यापासून दर शनिवारी दोन तास बिझनेस इंग्लिशचा वर्ग. शिकवायला ऐश्वर्या नावाची मुलगी यायची. वयाने मायाताईंच्या भाचीएवढी, पण बोलायला मोठी गोड.

पहिल्याच दिवशी तिने मायाताईंचं एक जुनं पत्र पडद्यावर लावलं. नाव झाकून लावलं होतं, पण अक्षरन् अक्षर ओळखीचं.

"हे बघा, 'काइंडली डू द नीडफुल'. हे आता कुणी लिहीत नाही."

"मग नीडफुल करतं कोण आता?" मागच्या बाकावरून नयन म्हणाला. नयन मायाताईंच्या शेजारच्या टेबलावरचा. सगळे हसले. मायाताईही हसल्या, पण त्यांचे कान गरम झाले होते. ते वाक्य त्यांनी आजवर किती हजार वेळा लिहिलं असेल!

मग एकेक शब्द निघत गेला. 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं नव्हे, पुन्हा पहिल्यासारखं होणं. 'प्रीपोन' म्हटलं की परदेशातला माणूस बुचकळ्यात पडतो. एखाद्या बाईने पंचवीस वर्षं ज्या भांड्यात खीर केली ते भांडं पितळेचं नव्हेच असं कुणी येऊन सांगावं, तसं मायाताईंना झालं. पण त्या हट्टी नव्हत्या. वही घातली, रेघ ओढली, डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. घरी देवापुढे बसण्याआधी दहा शब्द पाठ करू लागल्या.

तिसऱ्या शनिवारी ऐश्वर्याने विचारलं, "कंपनीकडून काही उशीर झाला, तर काय लिहाल?"

"सॉरी," मायाताई म्हणाल्या.

"सॉरी माणूस म्हणतो, मॅम. कंपनी रिग्रेट करते."

मायाताईंनी मान वर केली. रिग्रेट हा शब्द त्यांच्या रोजच्या खाण्यापिण्यातला होता, पण त्यांच्या लेखी त्याचा अर्थ अगदी वेगळा. खरेदी खात्यातून सप्लायरला वस्तूंची यादी जाते. ज्या वस्तूचा भाव द्यायचा तिच्यासमोर आकडा, जी वस्तू जमणार नाही तिच्यासमोर 'रिग्रेट'. म्हणजे नाही. म्हणजे हा विषय संपला, पुढची ओळ. त्या शब्दात कुणाला वाईट वाटतंय हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

वहीत त्यांनी लिहिलं : रिग्रेट – खेद, हळहळ. आणि थोडा वेळ त्या शब्दाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं माणसं खिळ्यांसमोर, फळ्यांसमोर, पेट्यांसमोर हळहळ लिहून पाठवत होती, आणि आपण ती न वाचता फाइल करत होतो. त्यांना तो शब्द फार आवडला.

त्याच दिवशी ऐश्वर्याने आणखी एक गोष्ट सांगितली. मेलचा गाभा वरच्या विषयाच्या ओळीत आला पाहिजे, आणि पहिलाच शब्द महत्त्वाचा. लोक फोनवर तेवढंच वाचतात.

ती खरं तेच सांगत होती.

*

कंपनी व्हॉल्व्ह बनवायची, आणि ते परदेशी जायचे लाकडी पेट्यांतून. पेट्या करायचे गुणाजी म्हात्रे. कल्याणकडून शीळफाट्याला येताना रस्त्याच्या डाव्या हाताला त्यांची शेड होती. जमीन बापजाद्यांची. एके काळी तिथे भात पिकायचा. मग चारी बाजूंनी गोदामं आली, टॉवर आले, आणि गुणाजींनी भाऊबंदांसारखी जमीन न विकता तिच्यावर शेड घालून चार सुतार बसवले. भाऊबंद गाड्या फिरवत होते, गुणाजी रंधा फिरवत होते, आणि त्यात त्यांना काही कमी वाटत नव्हतं.

पंधरा वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा वागळे इस्टेटच्या ऑफिसात आले, तेव्हा हातातला फॉर्म त्यांनी मायाताईंच्या टेबलावर ठेवला होता. सहा मापांच्या पेट्या, त्यांतल्या दोनच्या समोर रिकामं.

"काका, रिकामं सोडू नका. साहेबांना वाटेल विसरलात."

"मंग काय लिवू? या दोन मना नाय जमायच्या. एवढं लांब लाकूडच गावत नाय."

"रिग्रेट लिहा."

"म्हंजे?"

"म्हणजे नाही जमत. संपलं. एकदा रिग्रेट लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही."

त्यांनी एका कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत तो शब्द लिहून दिला. गुणाजींनी तो चित्रासारखा बघून बघून उतरवला. तेव्हापासून ते नेमाने लिहायचे, आणि वर थट्टाही करायचे. हळदीच्या जेवणात कुणी जास्त वाढायला लागलं की हात आडवा धरून म्हणायचे, "रिग्रेट, रिग्रेट." मायाताईंनी स्वतः हे ऐकलं होतं, गुणाजींच्या पुतणीच्या हळदीला.

तर यंदाची गोष्ट अशी, की शुक्रवारी गुणाजींचा फोन आला. श्रावण लागला होता.

"मायाबाय, वर्साची ऑर्डर काय झाली गो?"

"सर्वेश सरांच्या टेबलावर आहे, काका. नवे साहेब आहेत ना, प्रत्येक कागद तीनदा वाचतात. होईल."

"होईल म्हंजे कवा? हितं एक गोडावनवाला मागं लागलाय. शेड पाच वर्सांच्या कराराने मागतंय. त्याला सोमवारी सांजच्याला जबाब पायजे, नायतर तो बाजूच्याची घेतंय. मना द्यायची नाय. पन तुमची ऑर्डर नसंल तं सुतारांना मी काय खायला घालू? तुझा हो आला का मी त्याला हाकलतंय."

"सोमवारी सकाळी सांगते, काका. नक्की."

"तुझा शबुद मना पुरे."

मायाताई लगेच सर्वेश सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "ऑर्डर म्हात्रेंनाच द्यायची आहे, त्यात प्रश्न नाही. सही मंगळवार-बुधवारपर्यंत करतो. उशिराबद्दल त्यांना व्यवस्थित मेल टाका."

म्हणजे हो होता. फक्त तो गुणाजींपर्यंत जायचा होता, आणि सोमवारी सकाळी सांगायचं ठरलंच होतं.

*

दर चातुर्मासात मायाताई एक नेम धरत. कधी एका धान्याचा, कधी पोथीचा. यंदा त्यांनी सोमवारचं मौन धरलं होतं. उठल्यापासून दुपारी बारापर्यंत बोलायचं नाही. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. "मायाताई आज सायलेंट मोडवर," म्हणून नयन त्यांचे फोन आपल्याकडे घ्यायचा. त्या तेवढ्या वेळात लिहायची कामं उरकायच्या. बारा वाजले की दोन घोट पाणी प्यायच्या, शंकराचं नाव घ्यायच्या, आणि मगच पहिला शब्द.

त्या सोमवारी दहा वाजता त्यांचा मोबाइल थरथरला. पडद्यावर 'गुणाजी पेटी'. नयनने हात पुढे केला, "द्या, मी बोलतो. काय सांगू?"

मायाताईंनी मान हलवली. बोटांनी खूण केली, मी लिहिते.

नंतर त्यांनी स्वतःला किती वेळा विचारलं, की का? चिठ्ठीवर 'ऑर्डर तुमचीच' एवढं लिहून नयनपुढे सरकवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे तो नवा, नीट घडीचा मेल होता. सॉरी नाही, काइंडली नाही, नीडफुल नाही. पाठ केलेला शब्द पहिल्यांदा खऱ्या कामात वापरायचा होता. शनिवारी ऐश्वर्याला दाखवायचा होता, हेही खरं. ते कबूल करायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला.

त्यांनी वीस मिनिटं लावून मेल लिहिला. विषयाच्या ओळीत लिहिलं, 'रिग्रेट : डिले इन ऑर्डर, वुडन बॉक्सेस'. खाली तीन स्वच्छ वाक्यं. झालेल्या उशिराबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे. ऑर्डर मंजूर असून बुधवारपर्यंत आपल्याला मिळेल. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. पुन्हा वाचला. एकही चूक नव्हती. पाठवला.

बारा वाजले, पाणी प्यायल्या, नाव घेतलं. गुणाजींना फोन करायचं मनात आलंही, पण मेल गेलेला होता आणि तो इतका पूर्ण होता, की त्याच्यानंतर आणखी काही बोलायची गरजच वाटली नाही.

*

मंगळवारी दुपारी रिसेप्शनवरून निरोप आला, खाली कुणीतरी आलंय. गुणाजींचा जुना सुतार भिवा होता. हातात नकाशांची गुंडाळी, आणि सुतळीने बांधलेले पत्र्याचे साचे, पेट्यांवर कंपनीचं नाव रंगवायचे.

"हे काय, भिवादादा?"

"काकांनी दिलंय. म्हणाले, कंपनीचं कंपनीला पोचतं कर."

"अहो, पण का? पेट्या कशावर रंगवणार?"

भिवाने गुंडाळी टेबलावर ठेवली. "ताई, तुम्हीच तर नाही म्हणून कळवलंत. काकांनी शेड दिली. आज कल्याणला गेलेत, कागद करायला. आम्ही चौघं उद्या गावाला चाललो."

 मायाताईंनी तिथेच उभं राहून गुणाजींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चौथ्यांदा उचलला तेव्हा मागे माणसांचा गलबला होता.

"काका, सही करू नका! ऐका, सही करू नका!"

"बाय, झाल्या सह्या. अंगठे पन झाले, फोटू पन झाला. काय गो, काय झाला?"

त्यांना फोनवर सांगता येईना. "मी येते," एवढंच म्हणाल्या.

वर आल्या तर सर्वेश सरांनी हसून कागद पुढे केला. "घ्या, एक दिवस आधीच सही केली. तुमच्या काकांची ऑर्डर." मायाताईंनी त्यांना सगळं सांगितलं. सरांनी मेल उघडून वाचला, दोनदा वाचला.

"मायाताई, मेल अगदी परफेक्ट आहे. तुमची काही चूक नाही यात. त्यांनी वाचला नाही, त्याला तुम्ही काय करणार? आता दुसऱ्या सप्लायरला विचारा."

काही चूक नाही, हे शब्द त्यांना इतके लागतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

*

संध्याकाळी कंपनीची बस त्यांना डोंबिवलीला सोडायची. त्या दिवशी त्या शीळफाट्याच्या पुढेच उतरल्या. शेडपाशी पोचल्या तेव्हा चांगला उजेड होता. आतली यंत्रं हलवलेली, जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोन उरलेले. गुणाजी एका अर्धवट पेटीवर बसून खिळे मापाप्रमाणे डब्यांत भरत होते.

"ये, बाय. बस. धूल हाय, हां, पदर सांभाल."

मायाताई बसल्या. आणलेला कागद पर्समध्येच होता. गुणाजींनीच आधी बोलायला सुरुवात केली, आणि आवाज असा खाली, की त्यांना पुढे वाकावं लागलं.

"राग नाय आला. कंपनीचा कारभार हाय, आज ह्याला तं उद्या त्याला. पन एक सांग मना. कामात काय चुकला? लाकूड वलं निघालं? कुठं पेटी फुटली? पंधरा वर्सांत एक पेटी परत नाय आली गो. काल रातभर मी मोजतंय, कंची पेटी, कंची पेटी."

मायाताईंना वाटलं होतं, न सांगितलेलं बरं का, याचा विचार वाटेत करू. तो झाला नव्हता. आता या प्रश्नापुढे तो करायची सोयच राहिली नाही. आपलं काम वाईट ठरलं, या समजुतीत या माणसाला ठेवून घरी जाणं त्यांना शक्य नव्हतं.

"काका, कामात काही चुकलं नाही. ऑर्डर तुमचीच होती. ही बघा."

त्यांनी कागद काढला. गुणाजींनी तो हातात घेतला नाही, नुसता पाहिला. मग खिशातून फोन काढला, मेल उघडला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "आनि ह्ये?"

मायाताईंनी तो मेल त्यांना मराठीत वाचून दाखवला, ओळीमागून ओळ. मंजूर हा शब्द आला तेव्हा गुणाजींनी डोळे मिटले.

"रिग्रेट बघितला आनि फोन ठेवला मी," ते म्हणाले. "पुढं वाचनार काय? तूच बोललेलीस, रिग्रेट म्हंजे संपला."

"हो. मीच."

"मंग आता त्याचा अर्थ फिरला?"

"फिरला नाही. दोन्ही आहेत. मला वाईट वाटतंय, असं लिहायचं होतं मला."

"वाईट वाटत व्हता तं फोन करायचा ना, बाय."

"माझं मौन होतं, काका. सोमवारचं. बारापर्यंत."

हे बोलताना त्यांना आशा होती, की ते आता तरी चिडतील. म्हणतील, कसलं मौन आणि कसलं काय. पण गुणाजीही श्रावण पाळणारे होते. त्यांनी हळूच मान डोलावली. "देवाचा व्हता. मंग मी काय बोलू?"

 बाहेर कंटेनर एकामागोमाग एक चालले होते. त्यांच्या धक्क्याने डब्यातले खिळे बारीक बारीक वाजत होते.

"करार मोडता नाही येणार?" मायाताईंनी विचारलं. "मी बोलू त्या गोदामवाल्यांशी? पाया पडू?"

"त्यानं उद्याच्याला माल उतरवायला गाड्या सांगितल्यात. आनि मी शबुद दिलाय. तू दिलेला मना मिलाला नाय, ती गोष्ट येगली. मी दिलेला मी कसा फिरवू?" मग त्यांनी मागे घराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "एक कर. तुझ्या सखूकाकीला सांगू नको. ती मना बोललेली, दोन दिवस थांब, मायाबायला एक फोन कर. मीच ऐकला नाय. बोललो, कंपनी लिवून देती तं फोन कशाला. तिला ह्ये कलला तर ती जन्मभर मना बोलनार नाय, आनि नाय बोललेला मना जास्त लागंल."

तेवढ्यात सखुबाई चहा घेऊन आल्याच. ताट पेटीवर ठेवलं, पदराने हात पुसले आणि मायाताईंच्या समोर उकिडव्या बसल्या. डोळे सुजलेले होते, पण चेहरा हसरा ठेवला होता.

"आलीस ते बरं केलंस गो, बाय. हे कालपासून जेवले नाय. यांना वाटतंय, यांचंच काम खराब."

"नाही, काकी. काम उत्तमच होतं," मायाताई घाईने म्हणाल्या. "एकही तक्रार नाही."

"मंग नाय का बोलले?"

गुणाजी खिळे निवडत होते. त्यांचा हात थांबला.

मायाताईंनी कागद पर्समध्ये परत सारला होता की नाही हे त्यांना आठवेना. त्यांनी चाचपून पाहिलं, सारला होता. खोटं न बोलणं हा त्यांचा नेम नव्हता, त्याचा कधी नेम करावा लागला नव्हता.

"कोन बोलला नाय? तो नवा सायेब?" सखुबाईंनीच विचारलं.

"हो," मायाताई म्हणाल्या. "नव्या साहेबांनीच."

"वाटलाच मना." सखुबाईंनी एक कप उचलून त्यांच्या हातात दिला आणि तो हात तसाच दोन्ही हातांत धरून ठेवला. "तुझ्या हातात असता तं तू असं होऊ दिला नसतास. घे, गार होतंय."

गुणाजींनी डब्याचं झाकण लावलं आणि पुढचा डबा ओढला. मायाताईंनी चहा प्यायला सुरुवात केली.